मनावर घेऊनही जमत नाही तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका ३९ वर्षांच्या आहेत. पश्चिम नागपुरात नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांच्या मुलीसह राहतात आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. वर्गात त्या रमतात, मुलांना त्यांचा तास आवडतो. पण तपासायचे पेपर आठवडेच्या आठवडे कपाटावर पडून राहतात आणि गुण भरण्याचं काम दरवेळी शेवटच्या रात्रीवर येतं. गाडीची किल्ली सापडत नाही म्हणून ऑटोने कॉलेज गाठणं नेहमीचंच. उन्हाळ्यात कूलरला पाण्याचा पाइप लावून विसरल्या आणि हॉलभर पाणी झालं. त्याच महिन्यात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणायच्या राहून गेल्या. चार दिवसांनी सासूबाईंना चक्कर आली तेव्हा ते लक्षात आलं. त्यानंतर पत्रलेखिका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या आणि एडीएचडीचं, म्हणजे लक्ष हवं तिथे न टिकण्याच्या आणि चंचलतेच्या स्थितीचं, निदान झालं. मिथाइलफेनिडेट हे त्यावरचं औषध सुरू होऊन तीन महिने झाले, थोडा फरक आहे. नवरा म्हणतो, "मनावर घेतलं तर सगळं जमते तुला. गॅदरिंगचं नाटक बसवतेस तेव्हा कुठं जाते हा आजार?" त्या विचारतात : हे खरं दुखणं आहे, की माझ्या आळसाला मिळालेलं भारदस्त नाव? गोळ्या जन्मभर घ्यायच्या का? सासूबाईंना आणि प्राचार्यांना सांगायचं का? जाऊबाईंसारखं टापटीप आणि वेळेवर वागणं मला कधी जमेल? पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे : "कधीकधी वाटतं, माझ्याशिवाय या घराचं जास्त बरं चाललं असतं."

प्रिय मैत्रीण,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, त्याला नाही.

ते वाक्य पुढच्या भेटीची वाट न पाहता तुमच्या डॉक्टरांना सांगा, जसं मला लिहिलंत तसंच. एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये नैराश्य आणि चिंता बऱ्याचदा सोबतीला असतात. त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात आणि त्यांच्यावर वेगळे उपचार करावे लागतात. लक्ष टिकवण्याची गोळी त्यांना पुरेलच असं नाही. रात्री-बेरात्री तो विचार डोक्यात ठाण मांडून बसला, तर नवऱ्याला झोपेतून उठवा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठीतून बोलता येतं. आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. चार दिवस गोळ्या राहिल्या ही गंभीर चूक होती, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते पुढे लिहिलं आहेच. पण तुम्ही नसता तर घर बरं चाललं असतं, हा निष्कर्ष त्या चुकीतून निघत नाही. तो फार दिवसांच्या थकव्यातून निघाला आहे. शाळेतून आल्या आल्या मुलगी दप्तर न काढताच दिवसभराचं सगळं तुम्हाला सांगत सुटते, हे तुम्हीच पत्राच्या मध्यावर सहज लिहून गेला आहात. तेही पुन्हा एकदा वाचा.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते. तो तुम्हाला टोचला आहे, तरी प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर आहे. अवधान कमी आणि चंचलता जास्त, असं या स्थितीचं वर्णन केलं जातं, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की या माणसाकडे लक्षच नसतं. प्रत्यक्षात लक्ष भरपूर असतं, ते हवं तिथे वळवता येत नाही. नावीन्य असेल, आवड असेल, माणसं सोबत असतील, वेळ गळ्याशी आली असेल, तर ते आपोआप लागतं. एखादं काम फक्त महत्त्वाचं आहे, एवढ्या कारणाने मात्र ते लागत नाही. नाटकाच्या तालमीत बघा : समोर वीस पोरं, रोज नवी अडचण, तारीख ठरलेली, आणि कष्टाचं फळ त्याच संध्याकाळी डोळ्यांसमोर. पेपर तपासताना तुम्ही एकट्या, पेशीविभाजनाचं तेच उत्तर शंभर वेळा वाचायचं, आणि आज तपासले काय किंवा परवा, लगेच काहीच घडत नाही. म्हणजे नवरा जे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवतो, ते खरं तर या स्थितीचं अचूक वर्णन आहे. डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या रसायनांबद्दल जीवशास्त्राच्या शिक्षिकेला मी वेगळं काय सांगू. तुम्हीच एकदा कागदावर आकृती काढून नवऱ्याला समजावा. तुम्ही ते छान कराल.

"हे सगळं मोबाइलमुळे, आजकाल सगळ्यांनाच असतं" असंही घरात कोणीतरी म्हणालं आहे. मोबाइल लक्षाचे तुकडे करतो हे खरंच आहे, आणि ज्याचं लक्ष मुळात निसटतं त्याचे जास्त करतो. पण अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ मध्ये अशा अस्थिर अवधानाचं वर्णन केलं होतं, आणि लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. तेव्हा मोबाइल कुठे होता? आज निदान करताना डॉक्टर कालपरवाच्या विसराळूपणावर जात नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे प्रौढ माणसात ठरावीक लक्षणांपैकी किमान पाच दिसावी लागतात, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, ती घर आणि कामाची जागा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी जगण्यात खरोखर अडथळा आणलेला असावा लागतो. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये प्रौढांमधलं प्रमाण साधारण अडीच ते तीन टक्के दिसतं. म्हणजे ते सगळ्यांना नसतं आणि फार दुर्मीळही नसतं. सहावीच्या प्रगतिपुस्तकातला "हुशार आहे, पण चित्त खिडकीबाहेर" हा शेरा तुम्ही मला लिहून पाठवलात. बाकावरून उड्या मारणारा मुलगा सगळ्यांच्या नजरेत येतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. तुमच्या वयाच्या अनेक बायकांचं निदान उशिरा होतं त्याचं हे मोठं कारण आहे.

निदान झाल्यावर हायसं वाटण्याऐवजी राग आला, पीएच.डी. अर्धवट सुटली ती आठवून दोन दिवस रडलात, असं लिहिलंत. त्या रडण्याला घाई करू नका. वीस वर्षं स्वतःला "वेंधळी" म्हणत जगल्यावर कोणीतरी सांगतं की कारण वेगळंच होतं, तेव्हा गेलेल्या वर्षांचा हिशेब मनात मांडला जातोच. एवढंच ध्यानात ठेवा की तेव्हा प्रौढांमधल्या एडीएचडीचा विचार करणारे डॉक्टरही फार थोडे होते. ज्या काळात कोणालाच दिसत नव्हतं, त्या काळात ते तुम्हाला दिसायला हवं होतं, असा आरोप स्वतःवर ठेवू नका. पीएच.डी. पुन्हा करायची की नाही हा प्रश्न खुला आहे. पण तो या वर्षी सोडवू नका.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत खटकलेलं गृहीतक जाऊबाईंचं आहे. "त्यांच्यासारखी झाले की मी बरी झाले" असं तुम्ही धरून चालला आहात. त्यांच्या स्वयंपाकघरात झाकणबंद डबे, प्रत्येकावर चिठ्ठी, सगळं कपाटाच्या आत. तुम्ही दोनदा तसं लावून पाहिलंत, दोनदा विस्कटलं, आणि दोन्ही वेळा दोष स्वतःला दिलात. पण तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेआड गेलेली वस्तू मनातूनही जाते. बंद कपाट तुमच्यासाठी गैरसोयीचंच आहे. नागपूरचा मे महिना कोणी मनावर घेऊन काढत नाही. आपण कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतो, बाजारहाट सकाळी दहाच्या आत उरकतो, गाडी काढताना डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तुमच्या मेंदूसाठी घराची आणि दिवसाची अशीच सोय लावायची आहे. इतकी वर्षं तुम्ही सगळा जोर निश्चयावर दिलात. आता तो जोर सोय लावण्यावर द्या.

कूलरचंच घ्या. "पुढच्या वेळी नक्की लक्ष ठेवीन" हा निश्चय टिकणार नाही, तुम्हालाही ते ठाऊक आहे. फोनवर गजर लावणं त्याहून बरं, पण गजर बंद करून हातातलं काम चालू ठेवणं तुम्हाला सहज जमतं. सर्वांत चांगलं म्हणजे प्लंबरला बोलावून कूलरच्या टाकीला बॉल कॉक बसवून घेणं. टाकी भरली की पाणी आपोआप थांबतं आणि लक्षात ठेवायचं काही उरतच नाही. घरातल्या प्रत्येक विसरण्याकडे याच क्रमाने बघा : आधी लक्षात ठेवायची गरजच संपवता येते का, नसेल तर ती गोष्ट डोळ्यांसमोर आणता येते का, तेही जमत नसेल तरच गजर. विजेचं बिल, फोनचं बिल, विम्याचा हप्ता बँकेतून आपोआप जाऊ द्या. किल्लीसाठी दाराच्या आतल्या बाजूला, हात पोचेल तिथे, एकच ठळक खुंटी. दार उघडून आत आल्यावर पर्स ठेवण्याआधी किल्ली खुंटीवर, एवढी एकच सवय लावायची आहे. स्वयंपाकघरात पारदर्शक बरण्या आणि उघड्या टोपल्या ठेवा. बघणाऱ्याला पसारा वाटला तर वाटू द्या. सासूबाईंनाही वाटेल कदाचित.

आणि सासूबाईंच्या गोळ्या. आठवड्याच्या सात खणांची डबी आणा, महिन्याच्या गोळ्या एका ठरलेल्या तारखेला घरपोच देणारं दुकान बघा, आणि एक पट्टी नेहमी जादा ठेवा. पण याहून महत्त्वाचा प्रश्न मला विचारायचा आहे. त्या तुमच्या नवऱ्याच्या आई आहेत. त्यांच्या गोळ्या आणणं हे काम मुळात तुमच्याकडे का आलं? मुलीच्या लसीची तारीख, महालक्ष्म्यांच्या पूजेची यादी, गॅस कधी संपेल, कोणाच्या लग्नाचा आहेर राहिला, हे सगळं एकट्या बाईने डोक्यात वाहायचं अशी आपल्या घरांची रीत आहे. ज्या बाईला एडीएचडी नाही तिचीही या ओझ्याखाली दमछाक होते, पण ती कसंबसं निभावून नेते म्हणून ओझं दिसत नाही. तुमच्याकडून सांडतं म्हणून दिसलं. तुम्ही स्वतःला दोष देत आहात, त्यातला बराच भाग या रीतीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून नवऱ्याकडे "मदत" मागू नका, आणि "मला आठवण करत जा" असंही म्हणू नका. आठवण करून देणारा नवरा हळूहळू तुमचा मास्तर होतो आणि तुम्ही त्याच्या विद्यार्थिनी. दोघांच्या नात्याची त्यात फार हानी होते. अख्खी कामं वाटून घ्या. आईच्या गोळ्या आणि दवाखाना पूर्णपणे नवऱ्याचा, म्हणजे त्या संपत आल्या हे ओळखण्यापासून आणून देईपर्यंत. मुलीचा अभ्यास, शाळेतले कार्यक्रम, तिच्या मैत्रिणी हे तुमचं, कारण तिथे तुमचं लक्ष मुळातच लागतं. रविवारी सकाळी तर्री-पोह्यांसोबत पंधरा मिनिटं पुढच्या आठवड्याबद्दल बोला आणि ते बोलणं फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर उतरवा. पुढच्या भेटीला नवऱ्याला डॉक्टरांकडे सोबत न्या. तुम्ही दहा वेळा सांगून न पटलेली गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकून पटते. यात अन्याय आहे, पण उपयोग होतो.

वेळेचं गणित हा तुमचा आणखी एक दुखरा भाग. एडीएचडीत वेळेचा अंदाज मुळातच डळमळीत असतो : एक वेळ म्हणजे "आत्ता" आणि दुसरी म्हणजे "आत्ता नाही". पंधरा मिनिटं कुठे जातात ते कळत नाही. त्यामुळे "दहाला पोचायचं" हे डोक्यात ठेवून उपयोग नाही, घराला कुलूप लावायची वेळ डोक्यात हवी. नऊ पंचवीसला कुलूप, असं फळ्यावर लिहा. न्हाणीघराबाहेर आणि ओट्यावर काट्यांची मोठी घड्याळं लावा, कारण काटा सरकताना दिसतो आणि मोबाइलवरचे आकडे फक्त बदलतात. शिवाय वेळ बघायला मोबाइल उचलला की त्यातून बाहेर कधी येणार याचा भरवसा नाही.

आता गोळ्यांविषयी. पत्रातली एक बारीक नोंद मला महत्त्वाची वाटली : गोळी सकाळी आठला घेता आणि पेपर घेऊन रात्री दहाला बसता. मिथाइलफेनिडेटचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो. साधी गोळी चारेक तास चालते, सावकाश विरघळणारी आठ ते बारा तास. म्हणजे तुमच्या दिवसातला सर्वांत कंटाळवाणा उद्योग तुम्ही गोळीचा असर संपल्यावर करता, आणि "फार फरक नाही" असं म्हणता. पेपर कॉलेजमधल्या मोकळ्या तासाला हलवा. गोळीने लक्ष हाती येतं, ते कुठे लावायचं हे ती ठरवत नाही. गोळी घेऊन मोबाइल हातात घेतलात तर लक्ष तिथेच घट्ट बसेल. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मुलीवर उगाच ओरडता असंही लिहिलंय. असर उतरताना काही जणांची अशी चिडचिड होते, डॉक्टरांना ही वेळ नेमकी सांगा. मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलून ती कमी करता येते. तोवर त्या अर्ध्या तासात गृहपाठ घेऊ नका. मुलीला घेऊन खाली फिरायला जा.

जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. गरज किती उरली आहे हे डॉक्टर ठरावीक काळाने पुन्हा तपासतात. काही जण वर्षानुवर्षं घेतात, काही थांबवतात, काही अॅटोमोक्सेटीनसारख्या दुसऱ्या औषधावर जातात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आपल्या मनाने बंद-चालू करू नका. भूक मंदावणं, झोप उडणं, नाडी आणि बीपी थोडं वाढणं हे होऊ शकतं, म्हणून त्यांच्या तपासण्या टाळू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नजरेने तुम्हाला अपराधी वाटतं, त्याचं कारणही सांगते. हे औषध अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या कायदेशीर यादीत येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. दुकानदार चिठ्ठी उलटसुलट बघतो तो कायद्यापायी. ही गोळी प्रत्येक दुकानात नसते, तेव्हा ज्याच्याकडे मिळते त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीची तारीख फळ्यावर लाल शाईने लिहा. आणि परीक्षेच्या काळात कोणी सहकारी किंवा विद्यार्थी "एक दे ना" म्हणाला तर देऊ नका, अगदी एकही नाही.

गोळीसोबत सीबीटी या नावाने ओळखली जाणारी, बोलण्यातून विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती प्रौढांना उपयोगी पडते असं अभ्यासांत दिसलं आहे. कामाची आखणी, टाळाटाळ, आणि "मी कधीच सुधारणार नाही" हा आतला आवाज, यांवर तिच्यात काम होतं. तुमचा आतला आवाज फार कठोर आहे. डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. झोपही बघा. एडीएचडीत झोप उशिरा लागण्याची प्रवृत्ती असतेच, त्यात रात्री एकपर्यंत पेपर म्हणजे दुसरा दिवस आधीच हरलेला. पाळीच्या आधीच्या दिवसांत सगळं जास्त बिघडतं असं अनेक स्त्रिया सांगतात. तुमचंही तसं होत असेल तर तारखा टिपून ठेवा आणि त्या दिवसांत मोठी कामं घेऊ नका.

हे वाचताना ज्यांना "हे तर माझंच" वाटलं असेल, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. इंटरनेटवरच्या प्रश्नावलीवरून निदान ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने तयार झालेली सहा प्रश्नांची चाचणीसुद्धा फक्त "तपासून घ्या" एवढंच सांगते. थायरॉइड, रक्तातलं कमी हिमोग्लोबिन, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडखळणं, नैराश्य, यांमुळेही विसराळूपणा आणि धांदल होते. ते आधी बघावं लागतं. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहान भागातलं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, खाजगी डॉक्टरच हवेत असं नाही. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं न्या, आणि तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस, आई किंवा मोठा भाऊ, सोबत न्या. लहानपणीचं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असतं.

कोणाला सांगायचं? मैत्रीण, नाव सांगणं आणि गरज सांगणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. सासूबाईंना इंग्रजी आद्याक्षरं सांगून काय हाती लागणार? "आई, माझं ध्यान चटकन उडते, डॉक्टरांचं औषध चालू आहे. मला काही सांगायचं असलं तर फळ्यावर लिहून ठेवत जा, मी ओट्याशी असताना सांगू नका," एवढं पुरे. आजाराचं नाव पेलण्यापेक्षा फळ्यावर लिहिणं त्यांना सोपं जाईल. चक्कर आली त्याबद्दल एकदा मनापासून माफी मागा, आणि नवी व्यवस्था काय केली तेही त्याच वेळी सांगा. पुन्हा पुन्हा माफी मागत राहू नका.

प्राचार्यांचं मात्र मी जपून करीन. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे निदान सांगितलं म्हणून कायद्याने सवलत मिळेल असं धरून चालू नका. दुसरीकडे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. डॉक्टर ती कॉलेजला देणार नाहीत. तुमचे प्राचार्य समजूतदार आहेत की कानगोष्टी करणारे, हे तुम्हालाच माहीत. खात्री नसेल तर निदान सांगूच नका, हवं ते मागा : गुण भरण्याच्या कामाला टप्प्याटप्प्याच्या तारखा द्याव्यात, सूचना तोंडी न देता लेखी द्याव्यात, आणि जे काम तुम्ही उत्तम करता, म्हणजे गॅदरिंग, विज्ञान प्रदर्शन, ते तुमच्याकडेच राहावं. कुठलीही चांगली शिक्षिका हे मागू शकते.

मुलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण काळजी ओळींमधून दिसते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एडीएचडीतला आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के असल्याचं दिसलं आहे. हा आकडा लोकसंख्येतल्या माणसामाणसांमधल्या फरकांबद्दल असतो, एका माणसाच्या शक्यतेबद्दल नाही. "आईला आहे म्हणजे मुलीला ८० टक्के शक्यता" असा त्याचा अर्थ नाही, हे तुम्ही वर्गात शिकवतच असाल. शाळेत आणि घरी दोन्हीकडे ती अडखळताना दिसली तर दाखवून आणा. नाही दिसली तर तिच्या प्रत्येक हरवलेल्या पेन्सिलीत स्वतःला शोधू नका.

राहिले कपाटावरचे सहामाहीचे पेपर. तुम्हीच लिहिलंत की बारावी बोर्डाचे पेपर तुमच्याकडून कधीच उशिरा जात नाहीत. तिथे तुम्ही वेगळ्या नसता, व्यवस्था वेगळी असते : मोजके गठ्ठे, ठरलेला दिवस, आणि पलीकडे मॉडरेटर वाट बघत बसलेला. सहामाहीला तसा कोणी नाही, म्हणून तो नेमा. स्टाफरूममधल्या ज्या मैत्रिणीवर विश्वास आहे तिला उद्याच सांगा, की रोज तिसऱ्या तासाला शेजारी बसायचं, तिने तिचं काम करायचं, तुम्ही तुमचं. नुसतं कोणीतरी शेजारी असलं तरी अनेकांचं लक्ष टिकतं. मोबाइल तिच्या पर्समध्ये. गठ्ठा वीस पेपरांचा, त्याहून मोठा नाही. अख्खा पेपर एकदम न तपासता आधी विसाच्या विसांतला पहिला प्रश्न, मग दुसरा. उत्तर एकदा डोक्यात बसलं की हात चालतो. गठ्ठा झाला की तिच्या हातात द्यायचा आणि तिने वर तारीख टाकायची. घरी एकही पेपर आणायचा नाही. तीन-चार आठवड्यांनी ही पद्धत शिळी होईल, मन उडेल. तसं होणारच आहे. तेव्हा जागा बदला, ग्रंथालयात बसा, मैत्रीण बदला, गठ्ठा दहाचा करा, पण त्यावरून स्वतःला नापास करू नका. पहिला गठ्ठा उद्या, तिसऱ्या तासाला. झाला की मला कळवा.